पाठकोऱ्या कागदांची वही

सोमवार, ३ फेब्रुवारी

मागच्या महिन्यात ऑफिसातलं एक बाड हरवलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. चार दिवसांनी ते मोठ्या कारकुनाच्याच कपाटात सापडलं. माफी कोणी मागितली नाही. तेव्हा ठरवलं, आपण काय कुठे नेलं, कोणाच्या हातात दिलं, ते रोज लिहायचं. शाळा मी चौथीत सोडली, तेव्हा अक्षर कसं आहे ते मला माहीत आहे.

माझं काम सरकारी वकिलांच्या ऑफिसात. झाडणं, चहा, आणि खटल्यांची बाडं शिवणं. कागद रचायचे, कडेला टोच्याने पाच भोकं पाडायची, दाभणात दोरा ओवून शिवायचं, गाठ मागे मारायची. एकोणीस वर्षं शिवतेय. माझी शिवण सुटलेली कोणी दाखवावी.

वही विकत आणायची गरज नाही. ऑफिसात पाठकोरे कागद ढिगाने निघतात. एका बाजूला लिहिलेलं, दुसरी बाजू कोरी. कचऱ्याच्या पिशवीतून ते घरी आणते, कोऱ्या बाजूवर लिहिते आणि महिन्याचे एकत्र शिवते. साहेबांनी एकदा पाहिलं होतं. म्हणाले, "बाई, तुमच्या हातून एकही पाठकोरा वाया जात नाही." मी म्हटलं, "झाडं काय तुमच्या अंगणात उगवतात?" हसले. साहेब म्हणजे सरकारी वकील. माणूस बरा आहे. पोरासाठी दुधाच्या पावडरीचा डबा चोरणाऱ्या बाईवरचा खटला त्यांनीच मागे घेतला होता. "हा चालवून कोणाचं भलं होणार आहे," म्हणाले. माझी नोकरी कायम झाली ती त्यांच्या सहीनेच.

आज दोन नवी बाडं आली. मोर्च्याच्या दिवशी छापखान्याला आग लावली होती ना, त्याची. एक पुढाऱ्याच्या पुतण्याचं, एक शिंप्याचं. हा शिंपी दुसऱ्या पक्षाचे झेंडे शिवायचा. खरं तर दोघांचेही शिवायचा, पण आता ते कोणाला आठवत नाही. आगीत छपाईवाला गेला. दोन्ही बाडांत एकच फोटो आहे, छापखान्याच्या दाराचा. दार काळं झालंय आणि बाहेर त्याच्या चपला, जोडीने, नीट ठेवलेल्या.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दुपारी एक म्हातारे आले. कानात यंत्र, खिशाला दोन पेनं. निवृत्त मास्तर. छापखान्याच्या समोर राहतात. पोलिसांनी कागद घेतला नाही म्हणून इथे आणला. चार घड्या घातलेला. एवढ्या काळजीने उघडला की वाटलं आतून काही सांडेल.

"साहेबांना द्या. आणि मला पोच द्या," म्हणाले.

पोच म्हणजे नकलेवर शिक्का मारायचा, तारीख घालायची, सही करायची. पण नक्कल त्यांनी आणली नव्हती, शिक्का कारकुनाच्या कपाटात आणि कारकून जेवायला. मला खाली चहाची भांडी घासायची होती.

"उद्या या," मी म्हटलं.

"काय?"

"उद्या या."

"पोच हवी, बाई. मी पंचेचाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्यात. सही नसली की पोरं म्हणतात, वही दिलीच नव्हती."

"मी काय तुमच्या वर्गातली आहे का?"

ते खुर्चीवर बसून राहिले. मग उठले, कठडा धरून धरून जिना उतरले. कागद मी साहेबांच्या ट्रेमध्ये ठेवला. लिहून ठेवते, ठेवला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

मास्तर आले नाहीत. साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग स्वतः उठून माझ्याकडे घेऊन आले. "हा शिंप्याच्या बाडात लावा. सगळ्यात वर." मी लावला. शिवला. पाच भोकं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

ऑफिसाबाहेरच्या बाकावर एक बाई येऊन बसायला लागलीय. शिंप्याची बायको. मांडीवर शर्टांचा गठ्ठा घेऊन काजं करत बसते. मी तिला काजवाली म्हणते, मनात. सकाळी दहाला येते, पाचला जाते. कोणाला भेटत नाही, काही मागत नाही. त्याचाच जास्त राग येतो.

"इथे बसून काय मिळतं?" मी विचारलं.

"घरी बसून काय मिळतं, ताई?"

मग म्हणाली, "तुमच्या बाहीची शिलाई उसवलीय. द्या इकडे." हात तसाच धरला आणि चार टाके घातले. मी मागितलं नव्हतं. दोरा दाताने तोडताना तिचा श्वास माझ्या मनगटाला लागला. दिवसभर तिथे काहीतरी लागल्यासारखं वाटत होतं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

मास्तर वारले. काजवालीने सांगितलं. चौदा दिवस दवाखान्यात होते. इथून घरी गेले आणि त्याच संध्याकाळी पडले.

मी म्हटलं, "म्हातारा माणूस, जायचाच."

ती सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, "ताई, मास्तर म्हणाले होते की त्यांनी सगळं लिहून इथे दिलंय. आमचा वकील म्हणतो, दिलं असेल तर पोच दाखवा. ते बेशुद्धीतसुद्धा पोच पोच म्हणत होते. त्यांनी कागद दिला तेव्हा तुम्ही होतात का?"

"रोज पन्नास माणसं येतात," मी म्हटलं.

खोटं नाही. पन्नास येतात. आणि कागद बाडात आहे, मीच शिवलाय, वाचला जाईल. माझ्या सांगण्याची गरज काय? तरी साहेबांच्या चहात साखर दोनदा घातली. घरी वन्संनी विचारलं, "ताप आहे का?" वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. आमचे हे गेले आणि ती वाट्याला आली. लग्न केलं नाही, म्हणून सगळ्यांच्या संसारातलं कळतं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

साहेबांकडे मोठ्या गाडीतून दोघे आले. दार लावून बसले. तीन वेळा चहा नेला, तिन्ही वेळा बोलणं थांबलं. मी आत गेले की थांबतं ते बोलणं चांगलं नसतं.

ते गेल्यावर साहेबांनी जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. मला म्हणाले, "पुतण्याचं बाड खाली द्या. मागे घेतलं."

मला राहवलं नाही. "साहेब, आग एक. दार एक. चपला त्याच. मग एक घरी आणि एक आत, हे कसं?"

"पुरावा कमी पडतोय."

"दोन्ही बाडं मी शिवलीत. पुतण्याचं जाड आहे."

ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. "कोणावर चालवायचं आणि कोणावर नाही, एवढंच तर माझ्या हातात असतं, बाई."

"हातात आहे ना, मग?"

"हातात असणं वेगळं आणि हात मोकळा असणं वेगळं."

असली वाक्यं मला समजत नाहीत. त्या दुधाच्या डब्याच्या बाईच्या वेळी हात मोकळा होता. तेव्हा तर कोणी विचारलंही नव्हतं.

बाड खाली दिलं. दोन वाजून चाळीस मिनिटं. सही घेतली.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

आज शिंप्याचं बाड उसवलं. साहेबांनी आत बोलावलं, दार लोटलं आणि म्हणाले, वरचा कागद काढा आणि पुन्हा शिवा. मी म्हटलं, मास्तरांचा? म्हणाले, हो. मी म्हटलं, तुम्हीच लावायला सांगितलात. म्हणाले, आता काढायला सांगतोय.

काढला. जुन्याच भोकांतून शिवलं, कोणाला कळायचं नाही. यादीचं पान कारकुनाने नवीन टाइप करून दिलं. काढलेला कागद साहेबांनी हातात घेतला, वाचला, घड्यांवरून घड्या घातल्या आणि माझ्याच हातात दिला. "टाकून द्या." एवढा शिकलेला माणूस, कागद स्वतः फाडता येत नाही? टोपली त्यांच्या पायाशी होती. सगळी घाण आमच्या हातून. टाकला पिशवीत, बाकीच्या कचऱ्याबरोबर.

मी कोण विचारणारी? मी शिवते आणि उसवते. ठरवणारे ते. काजवाली जाताना म्हणाली, येते ताई. मी मान वर केली नाही.

आज कागद कसला मिळालाय कोण जाणे, मधोमध घड्या आहेत आणि पेन अडखळतंय. पुरे.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

साहेबांनी विचारलं, "टाकलात ना, बाई?"

"टाकला."

"बरं," म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले, जणू मी अजून काही बोलणार होते. मी काय बोलणार?

खुर्चीचं सांगते. मास्तर बसले होते ती. तिचा पाय आखूड आहे, कोणी उठलं की करकरते. आज खोली झाडत होते, कोणी बसलेलं नव्हतं आणि करकरली. लाकूड आहे, वाजतं. पुठ्ठा घालून घट्ट केली.

मंगळवार, ४ मार्च

पुठ्ठा घातला तरी वाजते.

सोमवार, १० मार्च

बाड घेऊन कोर्टात गेले. शिंप्याला पहिल्यांदा जवळून पाहिलं. हडकुळा माणूस, उजवा पाय सारखा हलत असतो, पायाखाली मशीन असल्यासारखा. मी बाड टेबलावर ठेवलं. तो कठड्यापलीकडून त्याच्याकडे बघत होता. माणसं न्यायाधीशाकडे बघतात. हा शिवणीकडे.

हळूच म्हणाला, "ताई, हे उसवून शिवलंय."

मी बाड सरळ केलं.

"कडेला धूळ बसलीय आणि दोरा नवा आहे. भोकंही ताणलीत." रागावून नाही, कापड बघून गिऱ्हाइकाला सांगावं तसं. "हात चांगला आहे तुमचा. पण दोनदा टोचलेलं लपत नाही."

पोलिसाने त्याला मागे ओढलं. साहेब उभे राहिले आणि चांगलं बोलले. एकदाही अडखळले नाहीत. शिंपी तिथे होता, असं सांगणारे दोन साक्षीदार, दोघेही पुढाऱ्याच्या पेट्रोल पंपावरचे. निकालाआधीची शेवटची तारीख १८.

परत आले तर काजवालीने विचारलं, "कसे दिसले? जेवतात का?"

मी म्हटलं, "पाय हलवतात."

ती हसली. अटकेनंतर पहिल्यांदाच बहुतेक कोणीतरी तिला नवऱ्याबद्दल खरं सांगितलं, असं हसली. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. दोनदा.

बुधवार, १२ मार्च

कचऱ्याची पिशवी धुंडाळली. रद्दीवाला महिनाअखेरीला घेऊन गेलाय. ऑफिसच्या मागची टोपली पाहिली, जिन्याखालची पाहिली. कारकून म्हणाला, "काय हरवलं?" मी म्हटलं, "अक्कल." म्हणाला, "ती इथे हरवली नसेल." एरवी मी त्याला सोडलं नसतं.

कागद गेला. संपलं. मग डोक्यातून का जात नाही? भांडी घासताना ऐकू येतं, पोच द्या. नळ बंद केला की थांबतं. सोडला की पुन्हा.

रविवार, १६ मार्च

वन्संच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. शुक्रवारपासून दोन्ही डोळ्यांवर पट्टी. दिसत नाही त्यामुळे जिभेला जास्त काम. दुपारी म्हणाली, "काहीतरी वाच. ती तुझी वही वाच. माझ्याबद्दल काय काय लिहिलंयस ते कळू दे."

"तुमच्याबद्दल लिहायला कागद पुरायचा नाही."

"दे इकडे," म्हणाली आणि चाचपत वही ओढून घेतली. पानं बोटांनी उलटायला लागली, नोटा मोजाव्यात तशी. एका पानावर थांबली. "अगं, हे कोणाचं पत्र आहे?"

"पत्र कुठलं, कचरा आहे सगळा."

"मी तीस वर्षं टपाल वाटलंय. ह्याला चार घड्या आहेत आणि एकेक घडी नखाने दाबलेली. मन लावून लिहिलेल्याच्या घड्या माणूस अशा घालतं. आणि कडेला भोकं बघ. तुझी तीन असतात. ह्याला पाच जास्तीची आहेत."

मी वही हिसकावली. ते सत्तावीस तारखेचं पान होतं. उलटं केलं.

मुंग्यांसारखं अक्षर. मी बोट ठेवून एकेक अक्षर म्हणत गेले आणि वन्सं पट्टीआडून जोडत गेली. म, ला. "मला." ऐ, कू. "ऐकू. पुढे." एक तास लागला.

मास्तरांनी लिहिलं होतं, मला ऐकू कमी येतं, पण दिसतं नीट. त्या दिवशी दुपारी तीनला मी खिडकीत होतो. शिंपी त्याच्या दुकानात मशीनवर होता. मशीनचा आवाज मला येत नाही, पाय हलताना दिसतात. तो उठला नाही. छापखान्याच्या दाराशी रॉकेलचा डबा घेऊन गेला तो पुढाऱ्यांचा पुतण्या. आत छपाईवाला आहे हे त्याला माहीत होतं, कारण बाहेरच्या चपला ओलांडूनच तो गेला. दोघेही माझ्या वर्गात होते. दोघांचे चेहरे मी चुकणार नाही. मी ओरडलो. मला वाटतं मी ओरडलो. मला माझा आवाजही नीट येत नाही.

खाली सही, तारीख आणि एक ओळ. पोच मिळावी.

वन्संची पट्टी ओली झाली म्हणून मीच ओरडले, डॉक्टरांनी रडू नका सांगितलंय ना.

सोमवार, १७ मार्च

कामावर गेले. खुर्ची वाजली. साहेबांना चहा दिला. त्यांनी माझ्या पायाच्या दुखण्याची चौकशी केली. ते नेहमी करतात, दुसरं कोणी करत नाही. मी काहीच सांगितलं नाही.

कागद दिला तर मागची माझी बाजू पण जाणार. दोन बाजू आहेत, वेगळ्या करता येत नाहीत. तिथे माझ्या हाताने लिहिलंय, काढला, पुन्हा शिवलं, टाकला. साहेबांनी सांगितलं हेही लिहिलंय. माझी नोकरी, त्यांची नोकरी. आणि ती ओळ, मी कोण विचारणारी. ती न्यायाधीश वाचणार.

वन्संना म्हटलं, "ब्लेडने खरवडलं तर?"

"काय खरवडशील? तू लिहिलंयस म्हणून तर तो कागद खरा आहे. नाहीतर म्हणतील, काल बसून लिहिला."

"तुमचं काय जातंय? पेन्शन येते."

"तुझा जीव खाऊन खाऊन मी पण सुखाने बसले नाहीये इथे," म्हणाली. "आणि मला जेवायला वाढ. आंधळ्या माणसाला उपाशी ठेवतेस."

मंगळवार, १८ मार्च

सकाळी दोरा कापला आणि पान काढलं. आधी माझ्या बाजूचं सगळं दुसऱ्या पाठकोऱ्यावर उतरवून त्याच जागी शिवलं. एक अक्षर बदललं नाही, अडखळलेलं पेन सुद्धा लिहिलं.

ऑफिसला न जाता सरळ कोर्टात गेले. कागद घेतात ती आवक खिडकी अजून उघडायची होती. नक्कल काढून घेतली, दोन्ही बाजूंची. ह्या वेळी नक्कल नेली.

खिडकीवरच्या माणसाने कागद उलटासुलटा केला. "हे काय आहे?"

"साक्ष."

"कोणाची?"

"वारलेल्या माणसाची."

"आणि मागे?"

"मागे माझी."

"असं वाटेल ते घेता येत नाही, बाई. आमचे साहेब जेवून आले की विचारतो. उद्या या."

"उद्या नाही," मी म्हटलं. "शिक्का मारा, तारीख घाला, सही करा. तुम्ही जेवून या, मी इथेच आहे."

"तुमच्यामागे रांग आहे."

"असू दे."

मागचे लोक कुरकुरले. कोणीतरी म्हणालं, डोकं फिरलंय. मी खिडकीची कड दोन्ही हातांनी धरली. शेवटी त्याने शिक्का उचलला तो मला घालवायलाच. बारा वाजून दहा मिनिटं.

नंतर कळलं, न्यायाधीशांनी कागद दोन्ही बाजूंनी वाचला आणि निकाल पुढे ढकलला. शिंप्याला सोडलेलं नाही. पुतण्याचं बाड पुन्हा वर मागवलंय. मला २६ तारखेला बोलावलंय.

गुरुवार, २० मार्च

मला घरी बसायला सांगितलंय, चौकशी होईपर्यंत. दाभण आणि टोच्या आणायला ऑफिसात गेले, ते माझे स्वतःचे आहेत.

काजवाली बाकावर होती. तिला सगळं सांगितलं. पोच मी दिली नव्हती हे पण. ती खाली बघून काज पुरं करत राहिली. म्हटलं, आता शिव्या देईल, देऊ दे. ती म्हणाली, "पडले नसते तर मास्तर तीन वेळा जिना चढले असते, तुम्ही प्रत्येक वेळी उद्या या म्हणाला असतात तरी." मग गठ्ठा सरकवला आणि जागा केली. मी बसले नाही. बसायला तोंड नव्हतं.

साहेब सामान भरत होते. बदली की अजून काही, विचारलं नाही. डबा तसाच बंद. मी म्हटलं, "साहेब, माझ्यामुळे झालं."

ते पुस्तकं खोक्यात ठेवत होते. म्हणाले, "मी तुम्हाला जाळा म्हणालो नव्हतो, बाई. टाका म्हणालो होतो. तुमच्या हातात दिला होता."

"हो, ते मी लिहिलंय," मी म्हटलं.

"माहीत आहे," म्हणाले आणि खिडकीकडे वळले. काय म्हणायचं होतं कोण जाणे. स्वतःच्या तोंडाने सांगायला काय झालं होतं? मला ह्या माणसाचं कधी काही कळलं नाही.

निघताना खुर्ची उचलून पुढच्या दाराशी ठेवली, कोणाला तरी बसायला होईल. उचलताना वाजली नाही. ठेवली तेव्हा वाजली.

पोच माझ्यापाशी आहे. वहीत शिवलीय, शिक्का वर. निळा आहे, तारीख थोडी फाकलीय पण वाचता येते. ज्यांनी मागितली होती त्यांना ती कुठे नेऊन देऊ, तेवढं कोणी सांगत नाही.